तुफानची लाथ

"आधी घोड्याची परवानगी घ्या," ऋजुता मॅडम म्हणाल्या. "हात जोडा, डोळे मिटा आणि मनातल्या मनात विचारा, मी तुझ्याजवळ येऊ का?"

सगळ्यांनी हात जोडले. पुण्या-मुंबईची चांगली शिकली-सवरलेली माणसं. अंगात पांढरे कपडे, पायात पांढरेच बूट, आणि तेही माथेरानच्या लाल मातीत. समोर आमचा तुफान उभा. त्यानं परवानगी दिली की नाही ते मला कळलं नाही, पण त्यानं शेपटी वर केली आणि लीद टाकली. मॅडम म्हणाल्या, बघा, तो मोकळा होतोय, आपल्यालाही असंच मोकळं व्हायचंय.

मी दोर धरून बाजूला उभी होते. हसू आलं की मी पदर तोंडाला लावते. त्या शिबिरात माझा पदर तोंडावरून खाली आलाच नाही. मॅडमना वाटलं, बाई फार लाजाळू आहे.

मी सुगंधा ढेबे. लाजाळू मी जन्मात कधी नव्हते. आमच्या आळीत कुणाचं भांडण लागलं की दोन्हीकडचे मला बोलवायचे, कारण माझ्या जिभेपुढं टिकणारं कुणी नव्हतं. त्याच जिभेला मी तेव्हा कुलूप घातलं होतं, कारण गरज आमची होती.

तुफान हे नाव ऐकून कुणाला वाटेल, वाऱ्यासारखा पळत असेल. नाव तुफान आणि चाल बैलगाडीची. माथेरानला मोटारी चालत नाहीत, माणसं घोड्यावर बसून फिरतात, तेव्हा बायका-पोरांना, म्हाताऱ्यांना बसवायला असा गरीब घोडा लागतोच. आमचे हे, म्हणजे धोंडीराम, नाक्यावरून गिऱ्हाईक घ्यायचे आणि दोर धरून पॉइंट दाखवून आणायचे. आमचं घर त्यावरच चालायचं. मग एक दिवस संध्याकाळी मोकळा घोडा घेऊन परत येताना हे कड्याच्या वळणावरून खाली गेले. करवीच्या झुडपात अडकले म्हणून वाचले, पण मांडीचं हाड मोडलं. माणसांनी वर काढलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, तुफाननं लाथ घातली.

झालं. घोडेवाल्यांच्या कमिटीचे मुख्य हसनचाचा. त्यांचा नियम सरळ होता. जो घोडा मालकाला लाथ घालतो, तो उद्या गिऱ्हाइकाच्या पोराला घालेल. तुफानचा नंबर काढून घेतला. नंबर नाही म्हणजे नाक्यावर उभं राहायचं नाही. तेव्हापासून घोडा दारात उभा राहून खात होता आणि मी एका हॉटेलात पोळ्या लाटत होते. दिवसभर हॉटेलच्या पोळ्या, संध्याकाळी घरच्या भाकरी आणि मधल्या वेळात घोड्याची लीद. वर पेठेत जो भेटेल त्याला मी सांगत सुटले होते की या मेल्या घोड्यानं आमच्या संसाराला लाथ मारली. मी त्याला चारा घालायची तोही लांबून, काठीनं ढकलून. खरारा करायची तर त्याच्या तोंडाच्या बाजूनं जेवढा हात पोचेल तेवढाच.

आणि आमचे राजे खाटेवर. हाड जुळून कधीच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, चाला, हिंडा, कामाला लागा. पण राजे काही बाहेर पडेनात. घरात चालायचे तेही भिंतीला हात लावून. मी म्हणायची, भिंत पडत नाही हो, सोडा तिला. अंधार पडायला लागला की हे खाटेवर चढलेच. मी म्हणायची, कोंबड्यांच्या आधी निजणारा नवरा मिळायला मागच्या जन्मी काहीतरी पुण्य केलेलं असणार. हे काही बोलायचे नाहीत. आधीच बोलणं कमी, त्यात मी समोर. मला वाटायचं, माणूस घाबरलाय, नाहीतर ऐतं खायची सवय लागलीय. मी दोन्ही बोलून दाखवायची, म्हणजे जे खरं असेल ते लागू पडेल.

तेवढ्यात ऋजुता मॅडम आल्या. हॉटेलमालकाच्या ओळखीच्या. त्यांचं शिबिर होतं 'अश्वसंवाद', आणि त्याखाली लिहिलं होतं, स्वतःकडे परतण्याचा प्रवास. घोड्यावर बसायचं नाही, नुसतं त्याच्याजवळ उभं राहायचं, त्याच्याशी बोलायचं, आणि त्यातून माणसाची वाढ होते. घोडा हा माणसाचा आरसा आहे म्हणे. आमच्या घरात एक आरसा होता, त्यात बघून मी रोज वेणी घालायची. त्याला चंदी-चारा घालावा लागत नव्हता.

मॅडमना घोडे दाखवायला मालकानं मलाच बरोबर पाठवलं. नाक्यावर चांगले उंचेपुरे, चकचकीत घोडे उभे होते. मॅडमना एकही पसंत पडेना. त्यांना दुखावलेला घोडा हवा होता. ज्याच्या मनाला जखम आहे असा. मी गमतीनं म्हटलं, आमच्याकडे आहे एक, मालकाला लाथ घालून बसलाय, गावानं वाळीत टाकलाय. मॅडमनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, हाच. हाच तो.

मी तशीच हसनचाचांकडे गेले. म्हटलं, चाचा, शिबिरात घोडा देऊ द्या. नीट वागला तर नंबर परत द्या.  चाचा म्हणाले की खाली नेरळकडचा वीटभट्टीवाला तुफानला मागतोय, कमिटी त्याला हो म्हणायच्या बेतात आहे. खोडीचा घोडा वर ठेवायचा की नाही हे कमिटी ठरवते, मालक नाही, कारण त्यानं बाकीच्यांच्या धंद्याला बट्टा लागतो. पण तुझ्यासाठी थांबतो. शिबिरात मी स्वतः येऊन बसेन. एकाही माणसाला धक्का लागला नाही तर नंबर परत. लागला तर घोडा खाली.

वीटभट्टीवर गेलेला घोडा परत आलेला मी तरी पाहिला नाही. तुफानवर माझा राग होता तो होताच, पण त्याला विटा वाहायला पाठवावं इतका नव्हता. आणि नंबर परत आला तर हॉटेलातल्या पोळ्या सुटतील, राजे खाटेवरून उतरतील, घराला घरपण येईल, असा सगळा हिशेब माझ्या डोक्यात होता. घोडामैदान जवळच होतं.

तर असं ते शिबिर सुरू झालं. जुन्या बंगल्याचं आवार, मधोमध फक्कीनं आखलेलं मोठं गोल रिंगण, रिंगणात तुफान आणि कडेनं माणसं. चाचा रोज यायचे, जांभळाखाली खुर्ची टाकून बशीतून चहा प्यायचे आणि तुफानच्या मागच्या पायांवर नजर ठेवून बसायचे.

शिबिरात बाकीचे आले-गेले ते मला नीट आठवत नाहीत, पण गंधे साहेब आठवतात. बँकेत फार मोठे अधिकारी होते, नुकतेच निवृत्त झालेले. घरात कुणी त्यांचं ऐकत नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, आणि ते इतका वेळ सांगत राहिले की घरातल्यांची बाजू माझ्या चांगली ध्यानात आली. मॅडमनी त्यांना तुफानपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, आता यालाच सांगा. गंधे साहेब तुफानच्या मानेवर हात ठेवून बोलायला लागले ते चहा थंड होऊन दुसरा आला तरी बोलतच होते. शेवटी मानेला मिठी मारून ढसाढसा रडले. तुफाननं तोवर त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि शांतपणे चावत उभा राहिला. साहेब डोळे पुसून म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मध्ये न तोडता ऐकलं.

मी घरी येऊन ह्यांना सगळं करून दाखवलं. गंधे साहेबांचं रडणं, मॅडमचं डोळे मिटणं, टोपी चावणारा तुफान. एरवी माझ्या नकलांवर हे ओठ मुडपून का होईना, हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. एवढंच विचारलं की तुफान कसा आहे, आणि कुणी त्याच्या मागून जात नाही ना. मी म्हटलं, लाथ घालून घ्यायची हौस तुम्हाला, इतरांना नाही. हे भिंतीकडं तोंड करून झोपले.

दिवस गेले तसा तुफान शिबिराचा लाडका झाला. कुणी त्याच्या कपाळाला कपाळ लावायचं, कुणी त्याच्या पोटाला कान. एका बाईंना त्याच्या डोळ्यात त्यांची वारलेली आई दिसली. चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, बेटा, हे लोक बरे आहेत ना? मी म्हटलं, चाचा, हे बरे व्हायलाच आलेत. पण तुफाननं पाय उचलला नाही हे चाचांनी पाहिलं होतं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले की संध्याकाळी धोंडीरामला घेऊन ये, घोडेवाल्याचा बिल्ला त्याच्या नावाचा आहे, नंबर त्याच्याच हातात देईन.

राजांना तयार करायला मला अर्धा दिवस लागला. येत नाही म्हणाले. मी म्हटलं, नवरदेवाशिवाय वरात निघत नाही, चला. शर्टाला बिल्ला लावला, डोक्यावर टोपी घातली. वाटेनं माझ्या खांद्यावर हात ठेवून आले. उन्हं कलायला लागली होती, तरी रस्ता चांगला दिसत होता. मी म्हटलं, नव्या नवरीनं लाजावं, तुम्ही कशाला माझ्या मागं मागं? त्यांनी हात काढला नाही. आवारात आल्यावर मी त्यांना बंगल्याच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

शेवटचा खेळ होता 'विश्वासाची पावलं'. सगळ्यांनी रिंगणात यायचं, डोळे मिटायचे आणि घोड्याच्या आसपास उलटं चालायचं. घोड्याला दोर नाही, मोकळा. मॅडमचं म्हणणं, आपण डोळे मिटले की घोडा आपल्यासाठी बघतो. मी म्हटलं, मॅडम, मोकळ्या घोड्यामागं कुणी असं उलटं जात नाही. मॅडम हसून म्हणाल्या, सुगंधाताई, हीच भीती आपल्याला सोडायची आहे. मग त्यांनी स्वतःही डोळे मिटले. मी चाचांकडं पाहिलं. चाचा बशीत चहा ओतत होते.

आणि माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं तेच झालं. गंधे साहेब उलटे उलटे तुफानच्या मागं गेले. दोर बांधायची खुंटी जमिनीत होती, ती त्यांच्या टाचेला लागली. तोल गेला, आधाराला हात वर केला आणि हाताला लागली तुफानची शेपटी. शेपटी धरूनच साहेब मागं बसले. दुसरा घोडा असता तर साहेबांचा प्रवास तिथंच संपला असता. तुफाननं काय केलं? जरा पुढं सरकला आणि मान वळवून पाहिलं, कोण बसलं म्हणून.

"लाथ मारली," साहेब ओरडले. "मारली मला."

सगळ्यांनी डोळे उघडले. बघतात तर घोड्याच्या मागं माणूस मातीत पडलेला. मग काय, ज्यांनी काही पाहिलं नव्हतं त्यांनी सगळं पाहिलं. एक म्हणाला, दोन्ही पायांनी मारली. ज्या बाईंना तुफानच्या डोळ्यात आई दिसली होती, त्या म्हणाल्या, मला पहिल्यापासून त्याच्या डोळ्यात काहीतरी क्रूर दिसत होतं. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या म्हणाल्या, त्याच्या आत साठलेला जुना राग होता, तो आज बाहेर आला.

चाचांनी बशी खाली ठेवली आणि उठून आले.

"सुगंधा, उद्या घोडा खाली जाईल."

"चाचा, त्यानं पाय उचलला नाही. साहेब खुंटीला अडखळून पडले. मी बघत होते."

"बघणारी तू एकटीच."

"बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते. ते काय मी मिटायला लावले?"

"बेटा, त्या वेळी पेठेत घरोघर तूच सांगत होतीस की यानं लाथ घातली. आता तूच सांगतेस, घातली नाही. मी तुझं कुठलं खरं धरू?"

मी खाली बघून पायानं माती उकरायला लागले. आळीतल्या लोकांनी ते बघायला हवं होतं. तुफान मात्र तसाच उभा होता, कान इकडून तिकडं करत. त्याला मेल्याला काय कळणार होतं, की त्याचा निकाल लागला म्हणून.  दुसऱ्या दिवशी भट्टीवाला येणार, दोर लावून घाटानं उतरवणार, आणि हा मुकाट त्याच्या मागं जाणार. अडेलपणा त्याच्या रक्तातच नव्हता.

तेवढ्यात हे ओट्यावरून उठले.

मी म्हटलं, आता हे कुठं निघाले? भिंत नाही, माझा खांदा नाही, तसेच सरळ रिंगणाकडं चालायला लागले. वाटेत बाजूला तुफानची पाण्याची बादली होती. तिला पाय लागला, बादली लवंडली, सगळं पाणी ह्यांच्या पायावर. माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "अहो, एवढी मोठी बादली दिसत नाही का?"

दोघं-तिघं हसले. हे थांबले नाहीत. तुफानपाशी गेले आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा. तुफाननं मान खाली घेतली आणि ह्यांच्या छातीला तोंड लावून उभा राहिला. मला वाटलं, चाचांशी बोलायला गेलेत, पण ह्यांनी चाचांकडं पाहिलंसुद्धा नाही. ते घोड्याशी बोलायला लागले. आवाज हळूच होता, पण आवारात इतकी शांतता झाली की सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुफान्या, तू नाही मारलीस. आजही नाही आणि त्या दिवशीही नाही. मला कड दिसली नाही रे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. अंधारून आलं की समोरचंही जातं. त्या वळणावर मला वाटलं रस्ता आहे, आणि पाय खाली गेला. तू वर उभा राहून खिंकाळत होतास, म्हणून माणसं आली. आणि मी त्यांना सांगितलं, घोड्यानं मारलं."

तुफान ऐकत होता. गंधे साहेबांचं ऐकत होता तसाच.

"दिसत नाही म्हणालो असतो तर बिल्ला गेला असता. आंधळ्याच्या हाती दोर कोण देणार? तू काय, बोलणार नव्हतास. म्हणून तुझ्यावर ढकललं. आता तुला खाली पाठवतायत. मला नाही बघवत."

 मग ते घोड्याच्या आयाळीत तोंड घालून उभे राहिले.

 मॅडमच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि त्या हातानं सगळ्यांना खुणावत होत्या की दीर्घ श्वास घ्या. एकानं मोबाइल वर धरला होता. माझ्या हातात तुफानचा दोर होता, तो मी कधी खाली टाकला मला कळलं नाही.

हसनचाचा ह्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांनी आपला हात ह्यांच्या कानाजवळ, जरा पुढं धरला आणि बोटं हलवली. आपल्याला कुणी तसं केलं तर आपण लगेच वळून बघतो. हे वळले नाहीत. चाचांनी दुसऱ्या बाजूनं तसंच केलं. तरी नाही. मग चाचांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा हे दचकले.

"कधीपासून?" चाचांनी विचारलं.

"पडलो त्याच्या आधीपासून. वर्षभर तरी."

"त्या वर्षात तू गिऱ्हाइकं नेलीस. कड्याच्या वाटेनं."

"नेली. तुफानला वाट माहीत होती. मी दोर धरायचो, चालायचा तोच."

चाचांनी ह्यांच्या शर्टावरच्या बिल्ल्याकडं पाहिलं. मग त्यांनी हात पुढं केला. ह्यांनी शर्टाचा बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो काढताना पिन लवकर निघत नव्हती, पण चाचांनी मदत केली नाही, आणि तेच बरं झालं.

चाचा गंधे साहेबांकडं वळले आणि लाथ कुठं बसली ते दाखवा म्हणाले. साहेब भले माणूस. त्यांनी अंग चाचपलं, दोन्ही हातांनी मागची माती झटकली आणि म्हणाले की खरं सांगायचं तर कुठंच लागलेलं नाही, त्यांना तसं वाटलं एवढंच. चाचा म्हणाले, घोडा वर राहील. नंबरही मिळेल. पण दोर कोण धरणार?

"ही धरेल," हे म्हणाले. त्यांनी बोट दाखवलं ते गंधे साहेबांकडं गेलं, कारण मी बाजूला उभी होते.

"नाक्यावर बाईमाणूस?" चाचा म्हणाले.

"चाचा, वर्षभर याची लीद मी काढली," मी म्हटलं. "तेव्हा कमिटीतलं कुणी आलं नाही सांगायला, की बाईमाणूस आहे म्हणून."

चाचांना हसू आलं ते त्यांनी दाढीत दाबलं. बिल्ला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, उद्या सकाळी ये, उशिरा आलीस तर रांगेत मागं उभी राहशील, तुझ्यासाठी कुणी थांबणार नाही. मी गेले. पहिले काही दिवस पुरुषांनी टोमणे मारले. ते माझ्याकडून पुरेपूर परत घेऊन गेल्यावर बंद झाले.

ह्यांना मुंबईला दाखवलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, आहे तेवढी औषधाच्या थेंबांवर टिकेल. वेळेवर आला असतात तर बरंच वाचलं असतं, असंही म्हणाले. डॉक्टर लोकांना हे वाक्य शिकवूनच पाठवत असावेत.

आणि ऋजुता मॅडम? त्यांची भरभराट झाली. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्रकावर ह्यांचा फोटो होता, आयाळीत तोंड घातलेला. खाली लिहिलं होतं, अश्वसंवादानं उलगडलेलं एक आयुष्य. लाथेचं त्यात काही नव्हतं, आणि खुंटीचं तर नव्हतंच. शिबिराला इतकी माणसं आली की दोन घोडे लागले. मी तुफानला दरवर्षी न्यायची. माणसं यायची, त्याच्याशी बोलायची, रडायची आणि हलकी होऊन जायची. मी दोर धरून बाजूला उभी असायची.

पण त्या संध्याकाळी घरी येतानाचं सांगायचं राहिलं.

एका हातात तुफानचा दोर, दुसऱ्या खांद्यावर ह्यांचा हात, असे आम्ही तिघं निघालो. अंधारून येत होतं. मला राग आला होता, चांगलाच. वर्षभर मी पोळ्या लाटल्या. वर्षभर त्या मुक्या जनावराला शिव्या घातल्या, काठीनं चारा ढकलला. पुणे-मुंबईच्या परक्या माणसांदेखत ह्यांनी जे सांगितलं ते मला घरात, चुलीपाशी सांगता आलं नसतं? एक खाट, एक खोली, माणसं दोन. मी थांबले. तुफानही थांबला.

"चाचाला सांगितलं नाहीत, समजलं. कमिटीला नाही, तेही समजलं," मी म्हटलं. "मला का नाही सांगितलंत? घोड्याला सांगितलंत, मला का नाही?"

 मला वाटलं, हे नेहमीसारखे उत्तर देणार नाहीत.

"तू हसली असतीस," ते म्हणाले.

रागानं म्हणाले नाहीत. पाऊस पडला असता, असं म्हणावं तसं म्हणाले. मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर कधी तयार नसतं असं होत नाही, तेव्हाही होतं, जिभेच्या टोकावर होतं, आणि चांगलं होतं. भिंत, कोंबड्या, नवी नवरी, बादली, सगळं एकदम माझ्या घशाशी आलं आणि मला रडू फुटलं. आवाज येऊ नये म्हणून मी पदर तोंडाला लावला. हे मला बघू शकत नव्हते, मी त्यांच्या बाजूला होते.

जरा वेळानं आम्ही परत चालायला लागलो. पुढं उताराची वाट होती, धुपून दगड वर आलेले. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

"पुढं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"दगड आहे," मी म्हटलं. "उजव्या पायाशी. मोठा आहे. पाय जरा उचलून टाका."

त्यांनी पाय उचलला.

"आणि आता?"

"आता सपाट आहे," मी म्हटलं. "या."